अठ्ठावीस सेकंदांचा बाबा

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे टेकता येईल तिथे शेजारपाजार टेकला होता. मधोमध खुर्चीत नादबाबा, हातात माळ. कपाटात गाण्यांची एक काळी डबी होती आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर बासरी चालू होती.

"काढ ती तार!" बाबा गरजले. शिष्याने डबीची तार उपटली. बासरी चालूच!

"नाद तारेत नसतो, लेकरांनो. तो माझ्यात आहे!" थोड्या वेळाने बाबांनी हात उंचावला. "पुरे!" बासरी बंद. बायका डोळे पुसू लागल्या. शेजारचे निवृत्त इंजिनिअरही टाळ्या पिटत होते. अक्कल बहुधा घरी ठेवून आले होते.

"तार काढली तरी नाद वाहतो," बाबा पुढ्यात बसलेल्या मुलीकडे बोट दाखवत म्हणाले, "तशी गोळी बंद केली तरी ही मुलगी ठणठणीत राहील."

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मुलगी म्हणजे या घरची लेक, त्यांची भाची. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. रोजच्या गोळीमुळे तीन वर्षांत एकही आली नव्हती. या भोंदूच्या नादी लागून तिच्या आईने, म्हणजे मावशींच्या ताईने, चार दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या.

"ताई, डॉक्टरांना तरी विचारलंस का गं?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. चार दिवस काही झालंय का तिला?"

मावशींची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. मनातल्या मनात सेकंद मोजायची खोड काही सुटली नव्हती. आतापर्यंत बाबांनी तीनदा हा चमत्कार केला होता आणि तिन्ही वेळा हात वर गेला तो तार निघाल्यापासून अठ्ठाविसाव्या सेकंदाला. माळेचा मणीही नेमका सेकंदाला एक सरकत होता. म्हणजे हा गृहस्थ जप करत नव्हता, घड्याळ चालवत होता.

"बाबा, आता तार मी काढते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही नाद चालू ठेवा. पाचच मिनिटं."

"परीक्षा घेणाऱ्यापुढे नाद रुसतो, बाई."

"रुसू दे. किती वेळाने रुसतो ते तरी कळेल."

मावशींनी तार काढली आणि खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली, पण मुद्दाम उलटसुलट: सात, तेवीस, चार, एकोणीस. बाबांचा अंगठा मण्यांवर अडखळला. गडबडीत त्यांनी हात उंचावला. "पुरे!"

बासरी वाजतच राहिली. बाबांचा हात तसाच वर. खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं. हात खाली आला आणि मग केव्हातरी बासरी आपली आपण थांबली.

"भाऊजी, ही यंत्रणा बसवली कोणी?"

ताईचे यजमान खाली मान घालून म्हणाले, "बाबांच्या शिष्यानेच."

"मग ऐका सगळे. ही डबी म्हणजे गाण्यांचं गोदाम. फोनवरून सांगितलं की ती गाणं तुकड्यातुकड्यांनी स्पीकरकडे पाठवते. मध्येच अडखळायला नको, म्हणून स्पीकर पुढचं थोडं गाणं आधीच मागवून ठेवतो. तार काढल्यावर वाजतो तो हा साठा. इथे तो अठ्ठावीस सेकंदांचा आहे. संपला की बंद. हात वर करा नाहीतर डोक्यावर उभे राहा."

इंजिनिअरसाहेबांना अचानक घरी काम आठवलं.

ताईने मुलीकडे वळून पाहिलं. "म्हणजे हे चार दिवस..."

"अंगात औषध शिल्लक होतं म्हणून. किती उरलंय, ते इथे कुणाला माहीत आहे?"

ताई डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. तोवर भाचीने चपला घातल्या होत्या.

"चार रात्री मी जागी आहे, आई. फिट कधीही येईल म्हणून. मला कुणी विचारलंच नाही."

कुणालाच तिच्याकडे बघवेना. बाबा आणि शिष्य तेवढ्यात भिंतीच्या कडेने बाहेर सटकले. त्यांना थांबवायलाही कुणी उठलं नाही.

"टाळ्या वाजवल्यात ना?" भाचीला डॉक्टरांकडे घेऊन जाता जाता मावशी गर्दीला म्हणाल्या. "पुढच्या वेळी आधी स्वतः तार काढून बघा. आणि आजारी माणसाचं औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा, खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही."