उशीर कोणाचा?

चूक झाली की आधी तिच्यावर घालायला पांघरूण शोधायचं, ही सवय कुठल्याच कचेरीला नवी नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मार्लो गावात वकिली करणाऱ्या कोरिन हॅस्केटलाही त्या सोमवारी तेच सुचलं.

तिची अशील लोर्ना बेकविथ मांसाच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या दारूपायी तिची जूनी नावाची मुलगी सरकारने दुसऱ्या कुटुंबात ठेवली होती. लोर्नाने दारू सोडली, धड घर घेतलं, तरी न्यायालयाने आई म्हणून तिचे हक्क कायमचे काढून घेतले. निकाल लागला त्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, "अपील करा, वकीलबाई."

कोरिनने अपील केलं, पण नेहमीच्या खटल्यांची मुदत धरून. मूल अधांतरी राहू नये म्हणून अशा प्रकरणांत मुदत फार कमी असते, हे ती कामाच्या धबडग्यात विसरली. अपील दारातूनच परत आलं.

उशीर माफ व्हावा म्हणून तिने अर्ज लिहिला: अशिलाशी वेळेत संपर्क झाला नाही. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या एमॉस टिलरी वकिलांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"फोन बंद होता तिचा?"

"होता ना, मधे काही दिवस."

"त्याआधी तिने अपील करायला सांगितलं होतं की नाही?"

"होतं," कोरिन म्हणाली.

"अगं, ही बाई बेजबाबदार आहे, यावरच अख्खा खटला चालला. आता तिचीच वकील तेच लिहून देणार?"

"माझी चौकशी लागेल, एमॉस. नाव जाईल माझं."

"तुझं नाव जाईल, ते परत कमावता येईल. तिची मुलगी जाईल, ती कुठून आणशील? आणि चूक वकिलाची होती, हे तुझ्याशिवाय न्यायालयाला कोण सांगणार?"

कोरिनने अर्ज फाडला आणि नवा लिहिला: उशीर माझ्या चुकीने झाला. मग लोर्नाला बोलावून खरं ते सांगितलं.

लोर्ना खुर्चीतून उठली. "बस चुकली म्हणून मी जूनीच्या भेटीला जरा उशिरा पोचले, तर त्यांनी लिहिलं, आईला गांभीर्य नाही. तुमच्या उशिराला काय म्हणायचं, वकीलबाई?"

"तेच म्हणा," कोरिन म्हणाली. "पण ते न्यायालयात मी स्वतः सांगणार आहे."

राज्याच्या राजधानीतल्या अपील न्यायालयात सरकारी वकिलाने जोरदार विरोध केला. मुदत मुलीच्याच भल्यासाठी आहे, तिने किती थांबायचं? मुद्दा खोटा नव्हता. कोरिन उठली. 

"या आईने निकालाच्याच दिवशी अपील करायला सांगितलं होतं. ती वेळेत होती. उशीर मी केला. त्याची शिक्षा मला द्या, पण तिचं म्हणणं ऐकून घ्या."

मागच्या बाकावर लोर्ना ताठ बसली. इतक्या महिन्यांत तिच्या बाजूने कुणी एवढं स्वच्छ बोललं नव्हतं.

न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं. लोर्नाला दुसरा वकील मिळाला आणि कोरिनला वकील मंडळाची लेखी समज. पुढच्या वसंतात निकाल फिरला, आणि जूनी आपली उशी काखेत मारून आईच्या घरी आली.

ती बातमी घेऊन लोर्ना कचेरीत आली. एमॉसना म्हणाली, "तुमची ही पोरगी न्यायालयात उभी राहिली ना, तेव्हा मला वाटलं, आपणही मान वर करून चालायला हरकत नाही."

एमॉस कोरिनकडे बघून म्हणाले, "पन्नास वर्षं वकिली केली मी. स्वतःची चूक कबूल करणारा असा अर्ज लिहायचं धाडस माझं एकदाही झालं नाही."

मंडळी, आपल्या हातून चुका होणारच. पण त्या चुकीचं ओझं आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाच्या खांद्यावर टाकायचं नाही. "माझं चुकलं" म्हणण्याने अब्रू जात नाही. खरी अब्रू तिथूनच सुरू होते.