आठातले सहा घास

घाबरू नका, मित्रांनो. मी रक्त फिरवते, पीत नाही. ओकिनावाजवळच्या एका छोट्या बेटावर, दवाखान्याच्या खिडकीपाशी ठेवलेले मी जुने यंत्र. माझ्या पोटात रक्ताच्या नळ्या ठेवून मला गरगरा फिरवतात. तांबडे तळाशी बसते, वर पिवळसर पाणी निवळते. ते तपासले की म्हाताऱ्या माणसाचे स्नायू किती झिजले, याचा अंदाज येतो.

मी नवे होते तेव्हा मला पाहायला अख्खे बेट लोटले होते. आता माझे झाकण दोरीने बांधतात आणि कुरकुरले की थापट्या मारतात.

शहाऐंशी वर्षांची नाबेआजी दर तीन महिन्यांनी यायची. एकटीच राहायची. मुलाने तिला बजावले होते, "जमिनीवरून आपलं आपण उठता येईनासं झालं, की तुला शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार." आजीला तेच नको होते. नवऱ्याला बेटावरच पुरले होते, तिलाही तिथल्याच मातीत जायचे होते.

आमच्याकडे रीत आहे, दहा घासांची भूक असेल तर आठ घासांवर उठायचे. रीत चांगलीच. पण वयाबरोबर आजीची भूक घटली, तरी ती त्यातूनही दोन घास काढत राहिली. आठातले सहा, सहातले चार.

आमची परिचारिका मित्सुए तिला रागवायची, "आजी, तुम्ही स्वतःच्या अंगातलंच मांस खाताय!"

"घरचंच आहे ना? मग पचेल!"

एका हिवाळ्यात मित्सुए रोज दुपारी तिच्यासमोर जेवायला बसली. अंडे, टोफू, मासळी संपेपर्यंत हलायची नाही. पुढच्या नळीचा निकाल सुधारला. आजी हात न टेकता उठून दाखवू लागली. त्या दिवशी मीसुद्धा कुरकुरले नाही.

उन्हाळ्यात मित्सुएवर दुसऱ्या बेटाचेही काम पडले आणि आजीसमोरचे दुपारचे जेवण सुटले. त्याच सुमारास दीर्घायुष्याचे गुपित शोधत मासिकवाले आले आणि आजीच्या इवल्याशा वाटीचा फोटो छापून गेले. ते पान तिने देव्हाऱ्यात, नवऱ्याच्या तसबिरीशेजारी लावले.

"आता मी बकाबका खाल्लं, तर लोक काय म्हणतील? ह्यांनाही लाज वाटेल."

त्यानंतर प्रत्येक नळी वाईटच बोलली. मी फिरण्यापलीकडे काय करणार? एके सकाळी आजीला चटईवरून उठताच येईना. मुलगा न्यायला आला.

बोटीची वाट बघत ती माझ्यासमोर बसली होती. मित्सुएने उकडलेले अंडे सोलून हातात दिले. आजीने सावकाश खाल्ले आणि शेवटचा तुकडा बशीत ठेवला.

"संपवा हो, आजी."

"पुरे गं. पोट भरायच्या आत थांबावं."

मुलाने तिला पाठीवर घेतले. ती इतकी हलकी झाली होती, की दाराशी थांबून त्याने मागे हात लावून पाहिला.

मित्रांनो, मला दुरुस्त केले नाही तरी चालेल. पण घरातले म्हातारे माणूस "पुरे" म्हणाले, तर लगेच ताट उचलू नका. समोर बसा. माझ्या नळीतून आम्हाला सगळे कळत होते. आजीसमोर जेवायला बसणारे माणूस मात्र एकच होते, आणि तेही एकच हिवाळा.