झाकणाएवढा चंद्र

जुना मॉनिटर एका सकाळी मिटला तो मिटलाच. वर दोन थापा मारून झाल्या, वायर काढून पुन्हा घालून झाली, धाकट्या जावेनं हळूच फुंकरही मारून पाहिली. काही उपयोग झाला नाही. आता नवा आणायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. चौकोनी आणायचा की रुंद, इथं मात्र घराचे दोन तट पडले.

घर म्हणजे तळमजल्यावर कापडछपाईचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. थोरली नक्षी काढायची. धाकटी रंग ठरवायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचे भावजी, खरेदी-विक्री बघायचे आणि उरलेल्या वेळात ज्याला नको त्याला सल्ला द्यायचे. थोरलीचा नवरा छपाईच्या मशीनवर असायचा. घरातला कुठलाही वाद त्याला मशीनच्या आवाजात ऐकू यायचा नाही, आणि मशीन बंद असलं तरी यायचा नाही.

थोरलीचं म्हणणं, चौकोनीच हवा. इतकी वर्षं तिनं उशांचे अभ्रे, रुमाल, टेबलक्लॉथ, सगळं चौकोनी मॉनिटरवरच काढलं होतं. उशी चौकोनी, रुमाल चौकोनी, मग मॉनिटरच तेवढा फळीसारखा आडवा कशाला? भावजी म्हणाले, सगळं जग आता रुंद घेतं, चौकोनी मागितला तर दुकानदार तोंडावर हसेल. धाकटी नवऱ्याच्या बाजूनं बोलली, पण तिचं कारण वेगळं होतं. नाट्यगृहाचा पडदा रुंद असतो.

हा पडदाच सगळ्या गोष्टीचं मूळ होता. गावातल्या नाट्यगृहाला रंगमंचासाठी नवा पडदा हवा होता, गडद निळं आभाळ आणि त्यात एक मोठा चंद्र. एवढं मोठं काम कारखान्यात कधी आलं नव्हतं. भावजींच्या मते ते धाकटीनं करावं, तिचा हात ताजा आहे. थोरलीनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडून काम मागितलं, म्हणाली, हे मी करणार. जमलं तर नक्षीचं टेबल तिचं, नाही जमलं तर धाकटीचं, असं कुणी बोललं नव्हतं. पण घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि थोरलीला सगळ्यात जास्त.

शेवटी खरेदी भावजींची, तेव्हा मॉनिटर रुंदच आला. जुन्या कॉम्प्युटरला जोडला तर चित्र आपलं मधोमध, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढा रुंद आणला तो काय काळोख बघायला? मॉनिटरची बटणं दाबत बसले आणि चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरवूनच उठले. मग कौतुकानं सगळ्यांना बोलावलं. स्क्रीनवर कारखान्यात काढलेला घरच्यांचा फोटो होता. त्यात स्वतःला बघून भावजींनी पोट आत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली आणि कारण नसताना जिना चढू-उतरू लागले. धाकटीला आनंदच झाला, ती कधीची सांगत होती.

आता थोरलीची एक पद्धत होती. बटणांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण ती कायम टेबलावर ठेवायची. कुठलाही गोल काढला की तो स्क्रीनवर झाकणाएवढा करायचा, वर झाकण टेकवायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. जरा कुठे बाहेर आला तर गोल खोटा. कॉम्प्युटर आकडे सांगतो, ते बघा की, असं धाकटी म्हणायची. थोरली म्हणायची, आकडे उशीवर कुठे छापायचेत? आणि खरं सांगायचं तर त्या झाकणानं तिला आजवर एकदाही दगा दिला नव्हता.

पडद्याचा चंद्र तिनं जुन्या मॉनिटरवरच काढून ठेवला होता. नव्यावर उघडला तर हा असा सुजलेला. झाकण टेकवलं, तर चंद्र दोन्ही बाजूंनी बाहेर. हा आपण काढला? आपल्या हातानं? कुणाला काही न बोलता तिनं तो दोन्हीकडून दाबत आणला, पार झाकणात बसेपर्यंत, आणि मग नमुना छापायला दिला.

नमुना टेबलावर पसरला तेव्हा तिच्या नवऱ्यानं मशीन थांबवलं. महिन्याकाठी दोन वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक त्यानं तिथे खर्च केलं. "हे अंडं कुणी काढलं?"

खरंच अंडं होतं. उभं, निमुळतं, निळ्या आभाळात लटकलेलं. लपवायलाही वेळ मिळाला नाही, कारण नाट्यगृहाच्या मॅनेजरबाई त्याच दुपारी आल्या. बाई सभ्य होत्या, हसल्या नाहीत. परवा पुन्हा येते म्हणाल्या, तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे विचारावं लागेल. त्या गेल्यावर भावजी थोरलीजवळ येऊन बसले.

"वहिनी, तुम्ही आजवर खूप केलंत," ते म्हणाले. "आता नक्षी हिच्याकडे देऊ. तुम्ही कडा शिवायचं बघा."

गोड आवाजात बोलले, तेच तिला जास्त लागलं. ओरडले असते तर तिनं परतफेड केली असती. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारी बाई, पण त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाली. धाकटी खाली मान घालून दोऱ्याची रिळं लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली टेबल आवरायला बसली. पेन्सिली, पट्टी, चष्म्याचं जुनं घर, झाकण. समोर स्क्रीनवर तोच घरच्यांचा फोटो. आजवर तिनं तो नीट बघितला नव्हता, आता बघितला. भावजी रांजणासारखे. धाकटी, जी वाऱ्यानं उडेल अशी, तीही भरलेली. आणि ती स्वतः तर विचारायलाच नको. थोरलीला रडूच फुटलं. नक्षी गेली ती गेली, वर अंगही सुटलं.

पदरानं डोळे पुसताना तिची नजर फोटोतल्या घड्याळाकडे गेली. कारखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ, फोटोत सगळ्यांच्या डोक्यांवर आलेलं. तेही जाड होतं. तिनं झाकण उचलून त्यावर टेकवलं. घड्याळ दोन्ही बाजूंनी बाहेर, अगदी त्या चंद्रासारखं. तिनं मान वळवून पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं. खरं घड्याळ आपलं गोलच्या गोल टिकटिकत होतं.

मग तिनं अशी काही हाक मारली की मशीन थांबलं. धाकटी धावत आली.

"अगं, मी जाड झाले असेन," थोरली म्हणाली, "भावजी झाले असतील, तूसुद्धा झाली असशील. पण भिंतीवरचं घड्याळ कशानं जाड होईल?"

धाकटीनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचं सगळं काम तिच्या लॅपटॉपवर, त्यामुळे तिला हे कधी दिसलंच नव्हतं. चित्र ताणलेलं होतं. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चौकोनी चित्र ओढून रुंद केलेलं. थोरलीनं गोल काढला होता, स्क्रीननं तो फुगवून दाखवला, आणि फुगलेला गोल झाकणात कोंबता कोंबता खऱ्या गोलाचं अंडं झालं. धाकटीनं कॉम्प्युटरची सेटिंग्ज उघडली, शोधून शोधून या मॉनिटरचं स्वतःचं माप लावलं. स्क्रीन एकदा मिटली, उघडली, आणि सगळं कुटुंब एका झटक्यात बारीक झालं. काळ्या पट्ट्याही नाहीत आणि ताणही नाही.

भावजी आले ते धापा टाकत, जिन्याची तिसरी फेरी चालली होती.

"भावजी, चहात साखर घ्या," थोरली म्हणाली. "तुम्ही जाड झालाच नव्हता."

भावजी फोटोकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग सगळं ध्यानात आलं तशी लाज. चूक माझी, म्हणाले. हा आजच परत करतो आणि तुमचा चौकोनी आणतो, दुकानदार हसला तर हसू दे.

थोरली जिंकली होती. कुणीही म्हटलं असतं, आता जाऊन बसावं तोऱ्यात. पण तिचं लक्षच नव्हतं. तिनं पडदा उघडला होता, चंद्र पुन्हा सैल करून झाकणात बसवला होता आणि जरा मागे सरून उभी होती. अख्खा पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळ्यांना पुरेल एवढा मोठा, ती पहिल्यांदा बघत होती. चौकोनी मॉनिटरवर तो एक तर रिबिनीएवढा दिसायचा, नाहीतर तुकड्यातुकड्यानं सरकवावा लागायचा. म्हणूनच तर तिनं चंद्र मधोमध ठेवला होता, उशीच्या मधोमध बटण लावावं तसा. तिनं तो उचलला आणि पार उजवीकडे, वर नेला. बाकी सगळं आभाळ मोकळं सोडलं.

"राहू दे हा," ती म्हणाली. "रुंदच राहू दे."

"ताई, पण तुम्हीच तर म्हणत होतात..." धाकटी म्हणाली.

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

धाकटी हसली आणि नवऱ्याकडे वळली. "टेबल ताईंचंच राहील," तिनं बजावलं. "आणि कडा तुम्ही शिवायच्या."

मॅनेजरबाई ठरल्याप्रमाणे आल्या. नव्या नमुन्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. एवढी जागा रिकामी का ठेवली, त्यांनी विचारलं. थोरली म्हणाली, तिथून आता काहीतरी येणार असं बघणाऱ्याला वाटायला हवं. बाईंनी खुर्ची ओढली, बसून पुन्हा पाहिलं, आणि भावजींना म्हणाल्या, छपाई सुरू करा.

भावजींनी कडा खरोखर शिवल्या. बोटं टोचून घेतली, दोरे गुंतवले, पण कुरकुर केली नाही.

पहिल्या खेळाला चौघंही शेवटच्या रांगेत बसले. दिवे मंद झाले, फक्त पडद्यावर उजेड उरला, आणि सभागृहातली कुजबुज आपोआप थांबली. थोरलीनं पर्समधून झाकण काढलं, हात लांब केला आणि एक डोळा मिटला.

"बसलं?" भावजींनी हळूच विचारलं.

"बसलं."

भावजींना राहवलं नाही, त्यांनी टाळी वाजवली. पुढच्या रांगेनं वळून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांनीही वाजवली. मग ती टाळी रांगेमागून रांग पुढे गेली, नाटकाचा एक शब्द बोलला जायच्या आधी. पार पुढून मॅनेजरबाई उठून मागे वळल्या आणि कपाळावर हात धरून कुणाला तरी शोधू लागल्या. थोरली आपली झाकण धरून तशीच बसलेली.

तिच्या नवऱ्यानं तिच्या कोपराला हात लावला. इथे मशीन नव्हतं, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आहे."

थोरली उभी राहिली. झाकण तिच्या हातातच होतं.