साहेबांनी लिहिलेलं बटण

माझ्या धाकटीला जुळं झालं, त्याच वर्षी थोरलीने तिच्या साहेबांवर सूड उगवला.

ती एका कचेरीत संगणकाच्या पडद्यावरची बटणं बनवायची. वडील इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा तिने रजा मागितली. "म्हातारी माणसं रोजच मरायला टेकलेली असतात. आधी बटणं पूर्ण कर," साहेब म्हणाले. ती पोचली तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी ती चपला न काढताच म्हणाली, "आई, साहेबांनी स्वतः एक पडदा लिहिलाय. माणसांना कामावरून काढायचा. बटण दाबलं की यादीतल्या सगळ्यांना पत्रं. मला म्हणाले, नजर टाक."

"मग?"

"चुकलंय. बटणाला स्वतःचं डोकं नसतं. दाबल्यावर काय करायचं, ते काम त्याच्याकडे सोपवून ठेवावं लागतं. तू नाही का शेजारच्या काकूंना सांगून ठेवत, गॅसवाला आला की हाक मारा?"

"हो."

"साहेबांनी सांगून ठेवायच्या ऐवजी स्वतःच हाक मारून टाकलीय. पडदा उघडला की पत्रं सुटणार. बटणाला बोटही लावायला नको."

"सांगितलंस त्यांना?"

"मी 'ठीक आहे, साहेब' एवढंच म्हणाले."

मी ताट वाढता वाढता थांबले. "यादीतल्या कुणाच्या पोटावर पाय येईल का गं?"

"नाही. खरी नावं अजून घातलेली नाहीत. उद्या मालकांना दाखवायचंय, तर साहेबांनी गंमत म्हणून मालकांचंच एक नाव टाकलंय."

"मग जेव," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पडदा उघडला आणि मालकांच्या खिशातला फोन वाजला. आपली सेवा आजपासून संपुष्टात येत आहे. प्रत सगळ्या कचेरीला.

"सोय चांगली आहे," मालक म्हणाले. "तुमच्यासाठी हीच वापरू."

साहेब थोरलीकडे वळले. "तू पाहिलं होतंस ना? बोलली का नाहीस?"

"बटणं पूर्ण करत होते, साहेब."

मग साहेबांच्या नावाचं पत्रही सगळ्या कचेरीला गेलं; ते तिने मला दाखवलं. मी अक्षर लावत लावत वाचलं, दोनदा. सुडाने मन हलकं होत नाही म्हणतात. माझं झालं. तिचं झालं का, ते मी विचारलं नाही.

साहेब गेल्या वर्षी जूनच्या नऊ तारखेला वारले. थोरली त्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेली.