सत्ताविसावा नंबर

मित्रांनो, मी रागावलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू स्वतःविषयी बोलायला लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून ती अपेक्षा करू नका. अहमदपूरच्या एका आठवीपर्यंतच्या शाळेतला मी म्हातारा सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, दोन वस्तुभिंगं, खाली एक गोल आरसा. वस्तू शंभरपट आणि चारशेपट मोठी करून दाखवणं एवढंच मला येतं. ते मला आजही येतं, आणि माझा राग नेमका त्याच्याशी जोडलेला आहे.

माझा जन्म दूर अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी रेल्वेने नांदेडला आलो आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं राहिलो. विद्यार्थी यायचे, कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचे, घाईने आकृती काढायचे आणि निघून जायचे. एकच मुलगा जायचा नाही. शेतकऱ्याचा मुलगा होता, नाव व्यंकट. शिपाई किल्ल्या वाजवू लागला तरी त्याचा डोळा माझ्या नेत्रिकेला चिकटलेला असे. एकदा तो स्वतःशीच म्हणाला, "एवढं सगळं रोज आपल्या भाजीत असतंय?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

पुढे कॉलेजात विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. व्यंकट तोपर्यंत अहमदपूरला शिक्षक झाला होता. तो मला मागायला आला, कॉलेजने रीतसर पत्र करून मला त्याच्या हवाली केलं. लोह्यामार्गे एसटीने निघालो. मी लाकडी पेटीत, पेटी व्यंकटसरांच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "सर, ह्याचं हाफ काढू का?"

"फुल काढा," सर म्हणाले. "ह्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतंय."

त्या दिवशी सरांनी माझ्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने एक ओळ लिहिली. 'शाळेत आधी पाहणे. बाकीचं नंतर.' खाली तारीख घातली. ते वाक्य कुणी सांगितलं म्हणून लिहिलेलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून ते मला आजही पाठ आहे.

आणि सर तसं वागत होते. दर वर्षी पाचवीच्या मुलांची यादी एका वहीत लिहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका मुलाचा नंबर. त्याने बघायची वस्तू स्वतःच आणायची. अर्धा तास तो आणि मी. काय दिसेल हे आधी कुणी सांगायचं नाही, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. अगदी सरांनीसुद्धा. बसवराजने बैलाच्या शेपटीचा केस आणला होता. साक्षीने सोयाबीनचं पान आणलं आणि त्याच्यावरची लव बघून ती म्हणाली, "सर, ह्याला तर मिशा हायत!" ती माझी चांगली वर्षं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेतल्या साऱ्या साधनांची पूजा व्हायची. तेव्हासुद्धा सर कुंकू माझ्या पेटीला लावत. मला कधीच नाही. कारण भिंगाला बोट लागलं की काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

मग एका फेब्रुवारीत व्यंकटसर मुख्याध्यापक झाले. त्या वर्षीच्या यादीत एक्केचाळीस नावं होती आणि सव्विसावा नंबर होऊन गेला होता. सत्ताविसावं नाव होतं उमैमाचं.

उमैमा म्हणजे बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रियाजभाईंची मुलगी. तिने एका काडेपेटीत पिवळ्या फुलपाखराचा गळून पडलेला पंख जपून ठेवला होता. त्याला हात लावला की बोटाला पूड लागते, ती पूड कसली, एवढाच तिचा प्रश्न. अब्बांच्या डोळ्याला लावायच्या भिंगातून तिने बघून घेतलं होतं, पण तेवढ्याने तिचं भागलं नव्हतं.

त्या शनिवारी ती काडेपेटी घेऊन आली, तेव्हा सर मोबाइलवर कसली तरी माहिती भरत होते. ती 'तात्काळ' हवी होती.

"पुढच्या शनिवारी, बेटा," ते म्हणाले.

मित्रांनो, एका शनिवारबद्दल मी रागावणारा नाही. मुख्याध्यापकाला कामं असतात. पण पुढच्या शनिवारीही माहिती तात्काळ होती, त्याच्या पुढच्याही. उमैमा सहावीत गेली, सातवीत गेली. सरांची गाठ पडली की ती विचारायची, आणि उत्तर ठरलेलं. खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाईंना एकदा राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुमचा पुढचा शनवार लई लांब हाय बगा. तवर पोरगी आज्जी व्हती."

सर हसले. हसण्यावारी नेलं, आणि हेच मला सहन होत नाही. ते विज्ञानाला विसरले असते, तर मी एक अडगळ म्हणून गप्प पडून राहिलो असतो. पण ते विसरले नव्हते. फाटकावर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'पाहा, विचारा, शिका.' प्रत्येक कार्यक्रमात ते मुलांना सांगत की डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. मी मोजलं आहे. तीन वर्षांत त्यांनी निरीक्षणाच्या महत्त्वावर अकरा भाषणं केली आणि माझ्या नेत्रिकेला एकदाही डोळा लावला नाही. माणूस एखाद्या गोष्टीला सर्वांत मोठं म्हणतो आणि आठवड्यातला अर्धा तास तिला देत नाही, तर तो नक्की कशाला मोठं म्हणतो? हा प्रश्न मी काचेच्या कपाटात बसून तीन वर्षं विचारला. कपाटाला कुलूप होतं.

खंडेनवमीला मात्र मी बाहेर यायचो. सर घाईत असायचे, पेटी आणायला वेळ नसायचा. मग हळदीकुंकवाचं ओलं बोट थेट माझ्यावर. एक नळीवर, एक खाली वस्तुभिंगावर. वर झेंडूचा हार. असे तीन दसरे झाले. हात जोडलेली मुलं समोर उभी, आणि मी आंधळा.

आठवीच्या फेब्रुवारीत विज्ञान दिन आला. एका स्पर्धेसाठी शाळेचे फोटो पाठवायचे होते. मला टेबलावर सॅटिनच्या कापडावर ठेवलं. फोटोसाठी हुशार मुलगी हवी म्हणून सरांनी उमैमाला बोलावलं. ती धावतच दप्तराकडे गेली, काडेपेटी घेऊन आली.

"ते नको, ते नको. नुसता डोळा लाव," सर म्हणाले. "हलू नको."

तिने डोळा लावला. माझा आरसा भिंतीकडे वळलेला होता, काचपट्टीची जागा रिकामी होती. आत अंधार.

"सर, काहीच दिसत नाही."

"तुला नाही दिसलं तरी चालतंय, बेटा. फोटोत तू दिसली पाहिजेस."

फोटो निघाला. उमैमा सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग हा माझा नंबर धरायचा नाही."

मुलं हसली. सरांना आधी ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते दुसरीकडे बघू लागले. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. तो फोटो चौकटीत घालून माझ्याच कपाटाच्या वर टांगला. त्यात मी झळकतो आहे. खरं सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उमैमा अब्बांबरोबर दाखला न्यायला आली. नववीसाठी ती लातूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहणार होती. म्हणजे आज नाही, तर कधीच नाही. सरांनी सही केली, शिक्का मारला आणि सवयीने विचारलं, "आणखी काही राहिलं का?"

"हो सर. माझा नंबर."

रियाजभाई संकोचून म्हणाले, "सर, घरी बी हेच. तीन साल झाले, त्या काडेपेटीला कुणाला हात लावू देत न्हाई. हिच्या अम्मीनं एकदा चुकून गॅस पेटवायला उचलली, तर रडून घर डोक्यावर घेतलं."

सर उठले. कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये शोधली, सापडेना.

"माझ्याकडं हाय," कस्तुराबाई दारातून म्हणाल्या. "धूळ कोण पुसतंय मग?"

मला पेटीसकट खिडकीपाशी आणलं. उमैमाने बरोबर आणलेल्या काडेपेटीतला पंखाचा तुकडा सरांनी काचपट्टीवर ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला, वाकून बघितलं. स्क्रू फिरवला, पुन्हा फिरवला. सगळं धूसर. तांबूस धुकं.

"भिंग गेलंय," ते म्हणाले. "निर्लेखनात काढावं लागेल."

निर्लेखन म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदीतून नाव कमी करून भंगारात घालणं. मला तोंड असतं, तर त्या दिवशी सारी शाळा गोळा झाली असती!

"सर, जरा थांबा," रियाजभाई म्हणाले. त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या खाली मान घातली. "हे गेलं न्हाई. ह्याला कुंकू लागलंय. वाळून दगड झालंय."

"कुंकू? कुणी लावलं?"

"तुमीच की," कस्तुराबाई म्हणाल्या. "तीन दसऱ्याचं हाय. मी नळीच पुसते, काचंला हात लावायचा न्हाई असं तुमीच सांगितलंवतं."

मित्रांनो, इथे शास्त्रातली एक गोष्ट नीट समजून घ्या. वस्तुभिंगावरचा डाग आतून बघणाऱ्याला दिसत नाही. तो फक्त समोरचं सगळं धूसर करतो. बघणाऱ्याला वाटतं, यंत्रच बिघडलं. स्वतःच लावलेलं बोट त्याला आठवत नाही.

रियाजभाईंनी उमैमाला दुकानात पिटाळलं. ती साहित्य घेऊन आली. आधी त्यांनी रबरी फुग्याने धूळ उडवली, मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटचा एकच थेंब घेऊन, घड्याळाच्या चाकाला जपावं तसं गोल गोल पुसलं. कापूस लाल होत गेला. चौथा बोळा पांढरा निघाला.

नेमका तेव्हा सरांचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून ते अर्धवट उठले. माझी रिकामी पेटी टेबलावर उघडी होती. फोन हातात धरून त्यांनी झाकणाकडे पाहिलं. निळी शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होती. त्यांनी ती ओळ वाचली असणार, कारण फोन वाजून वाजून थांबला तरी ते हलले नाहीत.

तो पुन्हा वाजू लागला. सरांनी फोन पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"साहेबांचा असंल, सर," रियाजभाई हळूच म्हणाले.

"असू दे. अर्धा तास तिचा आहे."

फोन आत भुंग्यासारखा गुरगुरत राहिला. उमैमाने डोळा लावला. स्क्रू तिने स्वतः फिरवला, हळूहळू, श्वास रोखून. मी तिला दाखवलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं दाखवलं. मग डोळा न काढताच म्हणाली, "सर, ही पूड नाहीच. कौलं आहेत. एकावर एक, ओळीनं लावलेली. काही ठिकाणची पडलीत. माझ्या बोटाला लागली होती, ती हीच."

सर खुर्ची ओढून जवळ आले. "बघू, मला बघू दे."

"सर, तुमचा नंबर कितवा?"

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. रियाजभाई म्हणाले, "उमैमा!" पण सरांनी कपाटातून ती जुनी वही काढली, एक्केचाळीसाव्या नावाच्या खाली लिहिलं, 'बेचाळीस – व्यंकट', आणि गप्प बसून राहिले. अर्धा तास पूर्ण होईपर्यंत.

मग त्यांनी पेटीतून फोन काढला. सात कॉल येऊन गेले होते. त्यांनी साहेबांना फोन केला नाही. वहीत बघून दुसराच नंबर लावला.

"हॅलो, सत्यमचे वडील का? शाळेतून बोलतोय. नाही, दाखला नेलाय तुम्ही. त्याचा नंबर आलाय. हो, अठ्ठाविसावा. येताना काहीतरी बघायला घेऊन ये म्हणावं."

माझा राग अजून गेलेला नाही. मधल्या तीन वर्षांत पाचवीच्या तीन याद्या लिहिल्याच गेल्या नाहीत, त्यांचं काय? सर एकेकाला बोलावतील तेव्हा खरं. मी मोजणार आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. तुम्हीही कधीतरी, कुठल्यातरी झाकणाच्या आत एखादी ओळ लिहिली असेल. ती फाटकावर रंगवू नका, तिच्यावर भाषण करू नका. तिला आठवड्यातला अर्धा तास द्या, आणि त्या वेळी फोन पेटीत ठेवा. आणि कुंकू लावायचंच असेल, तर पेटीला लावा.