तक्रारीत तथ्य आढळले नाही

एसीवाल्याने भिंतीवरच्या तापमानाच्या डबीचा तिसरा स्क्रू काढून ओठांत धरला, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो हवामान खातं! ते का काढताय?"

इमारतीच्या सातही मजल्यांवर त्याला याच नावाने ओळखत. उकडलं तर त्याच्यामुळे आणि गारठलं तरी त्याच्यामुळे, अशी तिथे सगळ्यांची पक्की समजूत होती. सव्वीस वर्षांत त्याने ती खोडून काढायचा प्रयत्न केला नव्हता. ऋतूंची जबाबदारी इतक्या विश्वासाने आपल्यावर टाकली जाते, हे त्याला मनातून आवडतही असावं.

हाक मारणारे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावरच्या आवक-जावकच्या टेबलावर दहा दिवसांपूर्वी बदलून आले होते. देहाने भरभक्कम, कायम घामेजलेले आणि स्वभावाने गोड.

"काढू नका हो. माझं सगळं त्या डबीवर चाललंय. आधीच्या बाईंनी काटा अठ्ठावीसवर ठेवलेला. मी आल्या आल्या अठरावर आणला, तेव्हा कुठे जिवात जीव आला."

चौथा स्क्रू निघाला आणि डबी हातात आली. तिच्यामागे भिंत होती. भिंतीत स्क्रूंची चार भोकं होती, आणखी काही नव्हतं.

गृहस्थांनी भिंतीकडे पाहिलं. मग डबीची पाठ पाहिली.

"वायर कुठंय?"

"नाही."

"तुटली?"

"नव्हतीच."

"मग मला दहा दिवस गार कसं वाटत होतं?"

"ते तुम्हालाच माहीत, साहेब," एसीवाला म्हणाला आणि डबी पिशवीत टाकून जिना उतरू लागला.

अशा डब्या त्या इमारतीत अकरा होत्या. युक्ती त्याची नव्हती, ज्याच्या हाताखाली तो काम शिकला त्या उस्तादाची होती. उस्तादाने त्याला एसीत गॅस भरायला शिकवण्याआधी हे शिकवलं होतं. एकाच हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात, चाळीस जणांना चाळीस हवा लागतात आणि यंत्र तर एकच हवा सोडतं. तेव्हा माणसाला हवा देता येत नसेल तर बटण द्यावं. एसीवाल्याने त्यात स्वतःची एक भर घातली होती. काट्याच्या चकतीखाली त्याने पातळ पत्रा बसवला होता. काटा फिरवला की कट्ट असा आवाज यायचा. आवाजाशिवाय माणसाचं समाधान होत नाही, हे त्याचं निरीक्षण होतं.

त्या टेबलावरच्या आधीच्या बाई, आवकबाई, मात्र बटण मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. आलेल्या टपालावर शिक्के मारत बसणारी, चेष्टामस्करीत तिसऱ्या मजल्यावर पहिला नंबर असलेली बाई. मागच्या वर्षी एके दिवशी त्यांनी त्याला हाक मारली.

"खातं, आज अंदाज काय? बर्फ पडणारे का?"

"का हो वहिनी?"

"हात बघा माझे."

त्याने हात पाहिले नाहीत. वर हवेच्या जाळीकडे पाहिलं. मग तापमापक काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटं उभा राहिला. साडेचोवीस. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजलं, साडेचोवीस. तिसऱ्यांदाही तेवढंच. तक्रारवहीत त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'तापमान योग्य. तक्रारीत तथ्य आढळले नाही.' खाली सही केली. बाईंनी ते वाचलं आणि शेजारच्या टेबलाला मोठ्याने सांगितलं, "ऐकलंत का? मला थंडी वाजत नाहीये. लेखी आलंय."

सगळे हसले. तोही हसला.

तरी बाई शालीत गुरफटून बसू लागल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून आलेल्या माणसाशी बोलायच्या. तेव्हा एका शनिवारी त्याने त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर डबी बसवली. सोमवारी त्यांनी काटा अठ्ठावीसवर नेला, कट्ट आवाज झाला आणि पंधरा मिनिटांत त्यांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. "खातं, देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या. वहीत लिहून दिलं, 'आता बरं वाटतं.'

पुढच्याच महिन्यात वरून समाधान पाहणी आली. 'फार थंड'पासून 'फार गरम'पर्यंत सात चौकटी, त्यांतल्या एकीत खूण करायची. पाचव्या मजल्यावरच्या एका साहेबांनी पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत खूण केली, कारण सकाळी एक आणि दुपारी दुसरं. कोणीतरी अभिप्रायात 'पगार' एवढंच लिहिलं. तिसरा मजला, जिथे हवा नेणारा पत्र्याचा बोगदा दोन ठिकाणी फाटका होता, समाधानात पहिला आला. एसीवाल्याला चौकट केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने यंत्राच्या खोलीत लावलं. त्या खोलीत बेचाळीस डिग्री असतात आणि तिथे पाहणी होत नाही.

आवकबाई गेल्या त्याला तीन आठवडे झाले होते. काल लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलाची बाई दुसरीला सांगत होती. रक्ताचाच आजार. वर्षभर आधीपासून असणार, डॉक्टर म्हणाले. हातपाय गार पडणं, थंडी वाजणं, ही सुरुवात. तेव्हाच कळलं असतं तर.

त्याचा मजला आला, गेला. तो सातव्यापर्यंत वर गेला आणि परत खाली आला.

तापमापकाची काही चूक नव्हती. खोली ठीक आहे, असं त्याने तीन वेळा सांगितलं होतं. खोली ठीक असेल तर मग बिघडलंय काय, हा पुढचा प्रश्न विचारणं तापमापकाचं काम नसतं.

बाईंच्या नवऱ्याची बेकरी होती. पहाटे भट्टी लावणारा माणूस दुपारी घरी सापडणार, म्हणून एसीवाला दुपारीच गेला. काय बोलायचं ते त्याने रस्ताभर जुळवलं होतं. सांगायचं, डबी दाखवायची आणि मग समोरचा जे करेल ते करू द्यायचं.

दार उघडणाऱ्याचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले होते.

"मी वहिनींच्या ऑफिसातला. एसी बघतो."

"हवामान खातं?" बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "या, या. रोज नाव निघायचं तुमचं घरात."

आत पाऊल टाकताच एसीवाल्याच्या कपाळावर घाम फुटला. एकतीस, कदाचित बत्तीस. सवयीने त्याची नजर भिंतीवरून फिरली. खिडकीच्या प्रत्येक फटीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, एकावर एक, तीन-तीन थर. पंख्याची पाती जुन्या चादरीत बांधलेली. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गालिचा, त्यावर आणखी एक सतरंजी.

"मैद्याची खळ," बेकरीवाला पट्ट्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "बेकरीवाल्याला डिंक कशाला लागतो? उकडतंय ना तुम्हाला? मला कळत नाही. भट्टीपुढे जन्म गेला. मला उकाडा कळत नाही आणि तिला थंडी सोडत नव्हती. काय जोडी लावली होती आमची!"

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"पाच महिने करत होतो. ती घरी आली की म्हणायची, ऑफिसात बरं असतं हो, दाराच्या आत पाय टाकला की थंडी भरते. म्हटलं, म्हणजे घराचाच दोष. एक फट बुजवली, ती म्हणाली, अजून कुठून तरी येतंय. दुसरी बुजवली. रविवार आला की मी खळ करायला बसायचो. ती म्हणायची, घराचा केक करताय का?"

तो हसला. मग त्याने मनगटाने डोळे पुसले, पिठाच्या हातांची माणसं पुसतात तसे.

"एकदा म्हटलं, चल, डॉक्टरला दाखवू. तर मलाच वेड्यात काढलं. म्हणाली, आजारी असते तर ऑफिसात नसती का वाजली थंडी? तिथे काटा फिरवला की पंधरा मिनिटांत बरं वाटतं. आजार काय काट्याचं ऐकतो?" त्याने मान हलवली. "मलाही पटलं. बोलण्यात कोण जिंकणार तिच्याशी!"

एसीवाल्याने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांत हे कुठेच नव्हतं. त्याला वाटलं होतं की आपली डबी फक्त ऑफिसात होती.

"तुमचे आभार मानायला मीच येणार होतो," बेकरीवाला म्हणाला. "दिवसाचे आठ तास तरी ती उबेत होती. तेवढं एक समाधान."

एसीवाल्याने डबी काढून दोघांच्या मधे ठेवली.

"हीच का ती?" बेकरीवाल्याने ती उचलली. काटा फिरवला. कट्ट. पुन्हा फिरवला. मग उलटी केली. मागच्या रिकाम्या जागेत त्याने बोट घातलं, भांडं आतून चाचपावं तसं.

"वायर?"

"नव्हती."

"मग ही चालायची कशावर?"

"चालायची नाही. नुसती भिंतीवर होती. मी बसवली. वहिनींच्या टेबलावर मी तीन वेळा तापमान मोजलं. साडेचोवीस भरलं. हवा ठीक होती. हात गार पडतात म्हणून त्यांनी माझ्यापुढे केले होते. मी बघितले नाहीत."

बेकरीवाल्याने डबी खाली ठेवली. खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. बंद खिडकीतून तिची घरघर फार लांबून यावी तशी ऐकू येत होती. मग तो उठला. एसीवालाही उठला, हात दोन्ही बाजूंना सोडून उभा राहिला. बेकरीवाला मारणार असेल तर त्याला मधे काही आणायचं नव्हतं.

बेकरीवाला आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

"घ्या. घामाने निथळताय."

त्याने पाणी संपवलं.

"मला वाटलं, तुम्ही भेटायला आलात," बेकरीवाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्हणजे तिथेही तिला थंडीच वाजत होती."

"हो."

"आणि ती मला सांगत होती, बरं असतं."

"त्यांना तसं वाटत होतं."

"वाटत होतं," बेकरीवाला म्हणाला. "मला सांगितलं नसतं तर चाललं असतं हो. माझ्याकडे ते आठच तास होते."

एसीवाल्याने मान खाली घातली. आपलं ओझं हलकं करायला आलो आणि या माणसाच्या हातातलं काढून घेतलं, हे त्याला तेव्हा कळलं. तो पिशवीची घडी करू लागला.

"थांबा." बेकरीवाला खिडकीपाशी गेला होता. "खरं बोलायलाच आलात, तर आणखी एक खरं सांगून जा. तुमच्याच धंद्यातलं आहे, दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. विचारलं तर हसतील."

"विचारा."

"शेवटचं तिला ज्या सकाळी दवाखान्यात नेलं ना, तेव्हापासून ही खिडकी उघडलेली नाही मी. पंखा नाही, काही नाही. बेचाळीस दिवस झाले." त्याने तळहात एका पट्टीवर हलकेच ठेवला. "आत जी हवा होती, तिच्या वेळची. ती अजून आहे का? की गेली?"

हा प्रश्न एसीवाल्याला सव्वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता आणि उत्तर त्याला तोंडपाठ होतं. माणसाने कितीही फटी बुजवल्या तरी खोलीतली हवा दिवसातून पाच-सहा वेळा बदलते. दाराखालून जाते, भिंतीच्या सांध्यांतून जाते, बटणांच्या पेट्यांतून जाते. बाईंना नेलं त्या दिवशी दुपारीच ती अर्धी गेली असणार, आणि दुसऱ्या सकाळी काही उरलं नसणार.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

त्याने खिशातल्या चिठ्ठीची एक बारीक, लांब पट्टी फाडली. दोन बोटांत तिचं टोक धरून ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवली. वर, मग बाजूला, मग खाली. काम करताना तो जसं करायचा तसंच, घाई न करता. बेकरीवाला भिंतीशी उभा राहून श्वास रोखून बघत होता. खालच्या कोपऱ्यात, तीन थरांच्याही खाली, हातातली पट्टी एकदा थरथरली आणि आत वाकली.

एसीवाला थोडा पुढे सरकला. आता त्याची पाठ बेकरीवाल्याकडे होती आणि पट्टी पोटाशी होती.

"हलत नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"काम चोख केलंय तुम्ही. आमची माणसंही इतकं घट्ट करत नाहीत." पट्टी चुरगाळून त्याने खिशात टाकली. "आहे. आतच आहे."

"किती दिवस राहील?"

"तुम्ही उघडेपर्यंत."

बेकरीवाल्याने मान डोलावली. मग तो सतरंजीवर खाली बसला, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून एक लांब श्वास आत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

एसीवाला दारापाशी गेला. दार त्याने वीतभरच उघडलं, पोट आत ओढलं, एक खांदा आधी बाहेर काढला, मग दुसरा आणि आपल्यामागे ते आवाज न करता लावून घेतलं.