आधी हात कोणी लावला?

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात गिऱ्हाइकाने मशीन टेबलावर ठेवलं, की मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "याला आधी हात कोणी लावला?"

उत्तरही ठरलेलं. "छे, कोणीच नाही."

मिस्त्री मग कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि स्क्रूच्या डोक्याकडे बघायचा. भाजी चिरायच्या सुरीने पिळलेला स्क्रू काही लपत नाही, त्याची खाच पार झिजलेली असते. "आता मूळ दुखणं कुठलं आणि तुम्ही करून ठेवलेलं कुठलं, हे मी कसं ओळखायचं?" असा तो दोन दुकानं पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडायचा. लोक त्याला मागून खवट म्हणत, आणि मशीन मात्र त्याच्याकडेच आणत.

तर अशा या माणसाच्या रक्तात ल्युकेमिया निघाला. हर्नियाचं ऑपरेशन करायचं म्हणून रक्त तपासलं आणि भलतंच समोर आलं. घरात रडारड झाली. मिस्त्रीने मनाची तयारी केली: केस जातील, उलट्या होतील, होऊ देत, पण एकदाचं काय ते सुरू करा. तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता काहीच करायचं नाही."

"म्हणजे?"

"हा संथ जातीचा आहे. काहींना वर्षानुवर्षं औषध लागत नाही. लवकर सुरू करून आयुष्य वाढत नाही, औषधाचा त्रास तेवढा होतो. रक्त तपासत राहू. वजन उतरलं, ताप राहिला, मानेतल्या गाठी वाढल्या, तर सुरू करू."

"म्हणजे कॅन्सर आहे, आणि तुम्ही नुसतं बघत बसणार?"

"बघत राहणं हेही कामच आहे, मिस्त्री."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर हे वाक्य त्याचंच होतं. चालतंय ना? मग उघडू नका, आवाज करायला लागलं की आणा, असं तो उभ्या जन्मात शेकडो बायकांना सांगत आला होता. पण मशीन रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःची मान चाचपत नाही. मिस्त्री चाचपायचा. गाठ कालच्यापेक्षा मोठी वाटायची, मग लहान वाटायची, मग बोटांवरचाच विश्वास उडायचा. चिडायचं तरी कोणावर? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, आणि मरणाचं नाव तर कानावर पडून गेलं होतं.

अशा वेळी ताई आली. आई गेल्यापासून ताईनेच त्याला वाढवलं होतं, आणि त्याची साठी उलटली तरी तिच्या मते ते काम अजून संपलेलं नव्हतं. तिने एक निसर्गोपचारवाला शोधून काढला होता. मिस्त्रीची बायको त्याला रसगुरू म्हणायची, आणि ते काही आदराने नव्हे. रसगुरूने फर्मान काढलं: धान्य बंद, दूध बंद, तिन्ही त्रिकाळ गाजराचा रस. त्याचं ज्ञान किती होतं देव जाणे, पण एक गोष्ट त्याने नेमकी ओळखली होती. तो 'थांबा' म्हणाला नाही.

"अहो, डॉक्टरांना विचारा तरी," पोस्टात खिडकीवर बसणारी त्याची बायको म्हणाली.

"काय विचारायचं? त्या थांबाच म्हणतील."

"गाजर खाऊ नका असं मी म्हणतेय का? जेवणही करा एवढंच म्हणतेय."

त्याने ताट सरकवलं. तिने आणखी बरेचदा सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. मिस्त्री वाळत चालला. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि तळहात तर चक्क नारिंगी झाले. रसगुरू म्हणाला, रोग बाहेर पडतोय. ताईच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. मिस्त्रीलाही बरं वाटलं, काहीतरी होत होतं ना!

पुढच्या तपासणीला बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तो एकटाच गेला. डॉक्टरबाईंनी वजनाचा आकडा बघितला आणि त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं.

"रक्त तसं जागच्या जागी आहे, गाठीही तेवढ्याच. पण एवढं वजन उतरणं चांगलं लक्षण नाही." त्यांनी चष्मा काढला. "दुसरं काही घेताय का? काढा, चूर्ण, उपास?"

मिस्त्रीने हात खिशात घातले. "छे, काहीच नाही."

"मग आजार जागा झाला असं धरावं लागेल. आधी स्कॅन करू, आणि मग गोळ्या. या गोळ्या कडक असतात, हृदयावरही लक्ष ठेवावं लागतं. पण आता थांबण्यात अर्थ नाही."

थांबण्यात अर्थ नाही! हे ऐकायला त्याचे कान आसुसले होते. दवाखान्यातून तो लग्न ठरल्यासारखा खुशीत बाहेर पडला.

दुकान उघडलं तर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन दारातच उभ्या. टाके सुटत होते.

"हात कोणी लावला?"

"कोणीच नाही हो."

मिस्त्रीने बॉबिनची डबी काढली. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या स्क्रूची खाच झिजलेली. झालं, त्याचं पित्त खवळलं. "हे काय आहे? सुई वाकल्यामुळे टाके सुटत होते, की तुम्ही स्क्रू पिळल्यामुळे सुटायला लागले? आता उगाच सगळं मशीन खोलायचं का मी? खरं सांगायला काय होतं तुम्हाला?"

"तुम्ही ओरडता म्हणून सांगत नाही," बाई म्हणाल्या. "आणि अडलेलं काम समोर दिसत असताना नुसतं बसवत नाही हो माणसाला." मग त्यांची नजर डबी धरलेल्या हातावर गेली. दवाखान्यात जायचं म्हणून त्याने आज तेल पार घासून काढलं होतं. "अगंबाई! मिस्त्री, तुमचे हात असे नारिंगी कशाने झाले?"

"कशाने नाही," तो म्हणाला.

हे उत्तर तो रोज गिऱ्हाइकांकडून ऐकत आला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःच्या हातांची त्याला इतकी लाज वाटली, की ते कुठे ठेवावेत कळेना. त्याने बाईंची सुई बदलली, ताण बसवून दिला, आणि त्या वळल्याबरोबर शटर ओढून दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटला निरोप देत होत्या. मिस्त्रीने दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते बघितले आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"गाजर?"

"तिन्ही त्रिकाळ. आणि धान्य बंद."

"गाजराशी माझं भांडण नाही, मिस्त्री. पण मला सांगायचं तरी! वजन आजाराने उतरलं की उपासाने, हे मी कसं ओळखायचं? उद्या नको असलेलं औषध मी तुमच्या तोंडात घातलं असतं."

हे ओरडणं त्याला पाठ होतं. "मग आता?"

"आता पोटभर जेवा. महिन्याभराने वजन बघू. भरलं, तर गोळ्यांची गरज नाही."

"म्हणजे परत थांबायचं?"

"परत थांबायचं."

त्याला टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. आपल्याच तोंडाने त्याने आपलं औषध घालवलं होतं. आणि घालवलं ते बरंच केलं हे कळत होतं, याचा तर जास्तच संताप येत होता.

परत येतो तर ताई दुकानाच्या पायरीवर बसलेली, मांडीवर गाजरांची गच्च पिशवी. त्याने शटर वर केलं, तिला आत घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. रसगुरूला चार शिव्याही हासडल्या. ताई भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मग मी काय करू रे?" तिचा आवाज चिरकला. "तुला हे झालंय, आणि मी नुसती बघत बसू?"

अगदी त्याचाच प्रश्न, त्याच्याच चिडक्या सुरात. डॉक्टरबाईंचं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते ताईला देण्याचा धीर होईना. त्याने गिऱ्हाइकांचं स्टूल पुसून पुढे केलं.

"बस," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

ताई बसली. मिस्त्रीने पुढचं मशीन ओढून घेतलं. बराच वेळ झाला तरी तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, आणि त्यानेही ती ठेवायला सांगितली नाही.